मुलांच्या हाती द्यायची घरातली कामं: कचरा, पाणी, वीज, बिया

पानगळ

शाळेत परिसर अभ्यास असतो, पाच जूनला रोप लावतानाचा फोटो निघतो, ‘पाणी वाचवा’ची चित्रं रंगवून होतात. आणि तरी दहा वर्षांच्या मुलाला विचारलं, की आपल्या घरात दिवसाला पाणी किती लागतं किंवा दुधाची रिकामी पिशवी पुढे कुठे जाते, तर उत्तर येत नाही. कसं येणार? त्याला ते कुणी मोजू दिलेलं नसतं आणि हात लावू दिलेला नसतो.

म्हणून हा चर्चेचा धागा. मुलाला सोपवता येईल असं घरातलं काम लिहा. अट एकच: त्याचा निकाल मुलाला स्वतःला दिसला पाहिजे. चुकलं तर डब्याला वास येईल, आकडा फुगेल, बी उगवणार नाही, असं काहीतरी. आपापल्या बाळांच्या कौतुककथा नकोत (त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत). कृती, प्रमाण, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा.

सुरुवात सर्वांत सोप्यापासून, वय चार ते सहा. दुधाची पिशवी. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीला लटकता ठेवायचा. सुटलेला चिमुकला त्रिकोण कुणीच वेचत नाही, तो गटारात नाहीतर मातीत जातो. रिकामी पिशवी उभी चिरायची (हे मोठ्यांनी), पाव वाटी पाण्याने विसळायची, ते पाणी कुंडीत, आणि पिशवी चिमटा लावून दोरीवर. वाळली की गठ्ठ्यात. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते आणि तिच्यासोबतचा कागदही वाया जातो. चार वर्षांच्या मुलाला हे नाकाने कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

लाल_ठिपका

चांगला धागा. सुक्या कचऱ्याबद्दल भर घालतो.

वेगळं करणं म्हणजे दोन रंगांचे डबे आणून ठेवणं एवढंच समजलं जातं. खरं काम त्यानंतरचं. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा घेते. घरातून दिलेला सुका कचरा या मावशी पुन्हा हाताने निवडतात. म्हणजे आपल्या डब्यात शेवटी माणसाचा हात जाणार आहे, हे मुलांना आधी सांगायचं. मग पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून वर ‘काच’ लिहायचं, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढायचा, वापरलेल्या सुया जाड डब्यात झाकण लावून.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी प्लास्टिक ओळखण्याचे दोन खेळ.

पहिला, चुरगळण्याचा. वेष्टन मुठीत आवळून सोडायचं. फुलून परत उघडलं तर ते प्लास्टिक, आतून कितीही चंदेरी दिसो. आवळलेलं तसंच राहिलं तर अॅल्युमिनियमची फॉइल. वेफर्सची पाकिटं इथे पकडली जातात. आतून धातूचा पातळ मुलामा असतो आणि थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारात त्यांना भाव नाही.

दुसरा, तरंगण्याचा. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्याच झाकणाचा एक तुकडा बादलीत टाकायचा. झाकण तरंगतं, बाटली बुडते. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, पाण्याहून जड. झाकण पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनचं, पाण्याहून हलकं. कारखान्यातही चुरा याच तत्त्वावर वेगळा करतात. पातळ तुकडा नुसता वरून ठेवला तर पेटसुद्धा तरंगतो, म्हणून प्रत्येक तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून मगच सोडायचा. हे विसरलं की प्रयोग खोटं बोलतो.

दुपारची_साय

ओल्या कचऱ्याचं कुणीतरी नीट लिहा ना. डबे विकत आणले जातात, पंधरा दिवसांत वास, मग अळ्या, मग घरात भांडण आणि डबा गॅलरीच्या कोपऱ्यात उलटा. मुलांना तर त्यानंतर खताचं नाव काढलं की नाक दाबायची सवय लागते.

गच्चीवरून

@दुपारची_साय, दहातल्या नऊ डब्यांचा आजार एकच असतो: सुकं कमी पडतं. सविस्तर लिहिते, कारण मुलांसाठी याहून चांगलं काम घरात नाही.

साहित्य: रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या, झाकणासकट. प्रत्येकीला बाजूंनी ६ मिलिमीटरची भोकं, एकमेकांपासून ८ ते १० सेंटिमीटरवर, आणि तळाला पाच-सहा. भोकं ड्रिलने पाडा. तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरचा धूर मुलांच्या नाकात जायला नको. खाली दोन विटा आणि एक ताट. तळाला ५ सेंटिमीटर नारळाच्या शेंड्या, म्हणजे पाणी निथळतं आणि खालून हवा येते.

रोज: भाजीची देठं-सालं २-३ सेंटिमीटरचे तुकडे करून. चार माणसांच्या घरात साधारण अर्धा ते एक किलो निघतात. मग एक वाटी ओल्याला दोन वाट्या चुरलेला पालापाचोळा. वाटी मुलाची, मोजणारही तोच. पानं चुरायलाच हवीत. अख्खी पानं ओली झाली की पत्र्यासारखी एकावर एक चिकटतात आणि हवा अडते. वरचा थर नेहमी सुक्याचा, निदान तीन बोटं.

पहिल्या दिवशी ओंजळभर जुनं खत घाला. नसेल तर अर्धी वाटी आंबट ताक, विरजणासारखं. दर तीन दिवसांनी कुदळीच्या छोट्या काट्याने वरखाली.

आता मुलांसाठीची खरी गंमत, मूठ-चाचणी. हातमोजा घालून मूठभर घ्यायचं आणि पिळायचं. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर सुकं घाला. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडा.

वासाची बाराखडीही शिकवा. मुतारीसारखा झोंबणारा वास म्हणजे हिरवं जास्त झालं आणि नत्र अमोनिया होऊन उडतंय, उपाय पालापाचोळा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवाच नाही, उपाय पूर्ण उपसून मोकळं करणं आणि तळाची भोकं तपासणं. आंबूस वास म्हणजे शिजलेलं अन्न किंवा फळं जास्त पडली. तळाशी काळं पाणी साचत असेल तर ते पातळ करून झाडांना घालण्यापेक्षा आधी ते कशामुळे साचतंय ते बघा. नीट चाललेल्या डब्यातून जेमतेम काही थेंब येतात.

अळ्या: करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या दिसल्या तर त्या सोल्जर माशीच्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. बघवत नसतील तर सुका थर जाड करा, माशीला अंडी घालायला जागा उरत नाही. पांढऱ्या बारीक अळ्या आणि चिलटं मात्र उघड्या सालांवर येतात. मूठभर नीमपेंड आणि वर जुना सुती कपडा.

पहिली बादली भरली की तारीख लिहून बाजूला, दुसरी सुरू. दुसरी भरेपर्यंत पहिली बहुतेक होते. दीड ते दोन महिने धरा, थंडीत थोडे जास्त.

मीठपाणी

घालू नये ते राहिलं: हाडं-काटे, तेलाचा तवंग असलेली आमटी, लोणच्याचा खार. मिठाने खत बाद होतं. आंब्याच्या कोयी आणि नारळाची करवंटी वर्षभर तशाच राहतात, मुलं चाळताना त्या परत परत बाहेर काढतात. अंड्याची टरफलं चालतात, पण कुटून.

गच्चीवरून

बरोबर. आणि खत झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. मेथीवर सोडा. दोन वाट्या: एकीत नुसती माती, दुसरीत एक भाग खत आणि तीन भाग माती. दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे. पाच दिवसांनी मोजायचं. मातीत नऊ उगवले आणि खताच्या वाटीत चारच, तर खत अजून कच्चं आहे, आणखी पंधरा दिवस ठेवा. मुलाने हे दोनदा केलं की ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणजे काय हे पुढे नववीत समजावावं लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पालापाचोळा फेब्रुवारी-मार्चमध्येच भरून ठेवा. तेव्हा सोसायटीत ढीग पडतात आणि कुणीतरी काडी लावायच्या बेतात असतं. दोन-तीन पोती कोरड्या जागी ठेवली की पावसाळा निघतो. जुलैत सुकं पान मिळत नाही आणि डबे तेव्हाच बिघडतात.

विजेरी

वीज राहिली, ती माझी.

‘दिवा बंद कर’ हे वाक्य मुलांच्या कानांवर इतकं पडतं की ते ऐकूच येत नाही. त्याऐवजी मीटरसमोर उभं करा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, बहुतेक घरगुती मीटरवर ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. यावरून घरातल्या कुठल्याही वस्तूची भूक काढता येते.

दहा लुकलुकी मोजायला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघा. ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. आलेले वॅट. (मीटरवर १६०० लिहिलं असेल तर २२,५०० ला भागा.) पहिली लुकलुक ‘शून्य’ म्हणून मोजायची, ‘एक’ म्हणून नाही, ही चूक सगळी मुलं करतात आणि मोठेही.

कृती: घरातलं सगळं बंद करून आधी पायाचा आकडा काढा. शून्य येत नाही. राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरचं चार्जिंग यांचं काहीतरी चालूच असतं. मग एकच पंखा लावा, पुन्हा मोजा, पायाचा आकडा वजा करा. जुना पंखा पाच नंबरवर ७५ वॅटच्या आसपास दाखवतो, दहा लुकलुकींना अडीच मिनिटं. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, तिथे सहा मिनिटांहून जास्त थांबावं लागतं. ते थांबणंच मुलाला फरक सांगतं. गिझर लावला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो, मोजता मोजता तोंडाला फेस येतो. तिथे दहाऐवजी शंभर मोजा आणि ११,२५० ऐवजी १,१२,५०० ला भागा.

बिघडतं कुठे? एक, फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो आणि आकडा उडी मारतो. मोजताना फ्रीज दहा मिनिटं बटणावरून बंद ठेवा. दोन, मीटर शेजाऱ्यांचा निघतो. बिलावरचा मीटर क्रमांक आधी जुळवा. तीन, मीटर रूममध्ये मूल एकटं पाठवायचं नाही, मोठं माणूस सोबत, आणि हात खिशात.

बारा वर्षांपुढे बिल वाचायला द्या. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढे असे आहेत. १०१ झाले की सगळीच युनिटं महाग होतात हा घरोघरचा गैरसमज आहे. वरच्या टप्प्यातली युनिटंच वरच्या दराने लागतात. म्हणून ३१० वरून ३०० वर येण्यात वाचणारी दहा युनिटं ही घरातली सर्वांत महागडी दहा. कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रीडमध्ये युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेही त्याच कागदावर मुलाला लिहू द्या.

तिसरी_घंटा

विजेरी, मस्त. एक शंका. वाचलेल्या बिलाचे पैसे मुलांना खाऊला द्यावेत का? बऱ्याच पालकत्वाच्या लेखांत असतं.

विजेरी

माझं मत नाही. मे महिन्यात बिल वाढणारच, तेव्हा मूल काय, दंड भरणार? आणि पैसे बंद केले की काम बंद. त्यापेक्षा निर्णय द्या. ‘या महिन्यात २८० च्या आत राहायचं, एसी कुठल्या रात्री लावायचा ते तू ठरव.’

पानगळ

याच्याशी पूर्ण सहमत नाही. भंगाराचे पैसे मुलांना द्यायला हरकत नसावी. रद्दी आणि बाटल्या त्यांनीच साठवल्या, वजन त्यांनीच केलं, काट्यावर लक्षही त्यांनीच ठेवलं. तो मोबदला आहे, बक्षीस नव्हे. विजेचं वेगळं, ती सगळ्या घराची.

म्युनिकर

अवांतर, पण संबंध आहे. इकडे जर्मनीत दुकानात प्लास्टिकची एकवापरी बाटली घेताना २५ सेंट जास्त घेतात आणि बाटली यंत्रात परत टाकली की ते परत देतात. काचेच्या बिअरच्या बाटलीला ८ सेंट. मराठी घरांतली मुलंही शनिवारी पिशव्या भरून निघतात. पण त्यातून मुलांना कळतं ते एवढंच, की बाटली चेपली किंवा लेबल फाटलं तर यंत्र ती घेत नाही. पुढे तिचं काय होतं हे दिसत नाही. आपला भंगारवाला तराजू लावून ‘हे घेणार नाही, याला भाव नाही’ म्हणतो तेव्हा मुलाला जास्त कळतं. त्याला दोन प्रश्न विचारू द्या, वस्तू कुठे जाते आणि कशाचा भाव पडलाय.

पाणवठा

पाण्याची तीन कामं लिहितो. जगभरच्या थेंबांची आकडेमोड नको, आपल्या घरातलीच.

एक. गळता नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला इतके लिटर, असे तक्ते नेटवर फिरतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, कारण थेंबाचा आकार नळागणिक बदलतो. मुलाला नळाखाली वाटी ठेवून एक तास थांबायला सांगा, औषधाच्या मापाने मोजा, २४ ने गुणा. मग वॉशर बदलायचं काम त्याच्यासमोर करा: वरचा कॉक बंद, नळाचं डोकं पान्याने सोडवायचं, जुनं वॉशर दुकानात नमुन्याला न्यायचं. अंदाजाने आणलेलं वॉशर बसत नाही.

दोन. फ्लशची टाकी गुपचूप गळते, आवाजही येत नाही. टाकीत अर्धी वाटी बिटाचं पाणी ओता आणि वीस मिनिटं कुणीही फ्लश करायचा नाही. भांड्यात गुलाबी रंग उतरला तर तळाचं रबर गेलंय. शाळकरी मुलांना हा गुप्तहेरी प्रयोग फार आवडतो.

तीन. आरओ, म्हणजे पिण्याचं पाणी गाळणारं यंत्र. स्वच्छ पाण्याच्या तोटीखाली एक आणि वाया जाणाऱ्या नळीखाली एक अशी दोन भांडी, दहा मिनिटं. दोन्ही मोजा. एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर गेलेलं सहज दिसतं. मग टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन घेऊन नळाचं पाणी तपासा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेला चालतो. धरणाचं पाणी येणाऱ्या बऱ्याच शहरी घरांत तो त्याहून खूप कमी निघतो आणि मग मूलच विचारतं, ‘मग हे यंत्र कशाला?’ उत्तर तयार ठेवा. जंतूंचा प्रश्न वेगळा, त्याला उकळणं किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरतं. टँकर किंवा बोअरच्या पाण्याचा हिशेब वेगळा.

दुपारची_साय

ते वाया जाणारं पाणी झाडांना घालतात ना सगळे?

पाणवठा

रोज नको. क्षार त्यातच गोळा झालेले असतात. ३०० टीडीएसचं पाणी असेल आणि एकाला दोन वाया जात असेल, तर बाहेरचं साधारण ४३५ चं येतं. कुंडीत ते साठत जातं, कडेला पांढरी पापडी धरते, पानांची टोकं करपतात. फरशी पुसायला, संडासात, गाडी पुसायला वापरा.

आणि आणखी एक लोकप्रिय उपाय, टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवणं. जुन्या दहा लिटरच्या टाकीत चालतं, तरंगत्या गोळ्याला ती अडायला नको एवढं बघा. तीन-सहा लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत ठेवू नका. तिथे पाणी आधीच कमी, मग प्रत्येकाला दोनदा फ्लश करावा लागतो आणि वाचवलेलं दामदुप्पट जातं.

कडीपत्ता

मुलांसोबत बायोएन्झाइम (फळांची सालं आंबवून केलेलं सफाईचं पाणी) करायचं असेल तर त्याचं प्रमाण देते. गूळ १०० ग्रॅम, संत्र्या-मोसंबीची सालं ३०० ग्रॅम, पाणी एक लिटर, म्हणजे एकास तीन दहा. भांडं दोन लिटरचं आणि प्लास्टिकचंच. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. हे मुलाचं काम, कॅलेंडरवर खूण करून. काचेची घट्ट बाटली फुटते, आणि जोरात फुटते. तीन महिन्यांनी गाळायचं. वर पांढरी साय आली तर चिंता नको. काळी बुरशी आणि घाण वास आला तर मूठभर गूळ घालून हलवा.

गाळलेलं पाणी आंबट असतं. संडास-बाथरूमच्या टाइल्सना उत्तम. पण कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड, त्यावर टाकलंत तर चकाकी गेली समजा. शहाबादीच्या टवक्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवा, मुलांना कारण कळेल. ब्लीचिंग पावडरसोबत तर कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो.

आता नावाला जागते. एक कढीलिंबाचं आणि एक लिंबाचं झाड कुंडीत असू द्या, आणि औषध फवारू नका. लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. काडीने हळूच स्पर्श केला की डोक्यामागून रंगीत शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना, म्हणजे मुलांच्या धीराला झेपेल एवढा. अळी बाटलीत कोंडू नका. ओल धरून बुरशी येते आणि पान सुकलं की ती उपाशी मरते. झाडावरच राहू द्या, रोज त्याच वेळी बघायचं आणि वहीत लांबी लिहायची. झाडाची चार पानं जातील, जाऊ देत. दोन फोडण्या कमी.

सडा_आणि_माळ

बियांबद्दल लिहायलाच हवं, कारण सद्हेतूने सर्वांत जास्त वाया तिथे जातं. उन्हाळ्यात आंबा-जांभूळ-फणस खाऊन बिया धुऊन उन्हात खडखडीत वाळवतात, आणि पावसाळ्यात घाटात उधळायला नेतात. तोवर त्या मेलेल्या असतात. या बियांना वाळणं सोसत नाही. जांभळाची बी त्याच आठवड्यात पेरायची, आंब्याची कोयही. कडुनिंबाची निंबोळी जेमतेम काही आठवडे टिकते. याउलट बहावा, चिंच, शिरीष यांचं कवच टणक, वर्षभर बरणीत राहतात.

मुलांना दोन्ही गट एकाच वेळी द्या. बहाव्याची बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायची, आतला फिका थर दिसेपर्यंतच, डोळ्याची (जिथून मोड फुटतो ती) बाजू सोडून. मग २४ तास पाण्यात. फुगल्या त्या पेरायच्या, न फुगलेल्या परत घासायच्या. न घासलेल्या पाच बिया तुलनेला ठेवा.

पिशवी म्हणून वर आलेली दुधाचीच, लिटरची, पण उभी न चिरता फक्त वरून कापलेली, तळाला चार भोकं. दोन भाग माती, एक वाळू, एक खत. बी तिच्या जाडीच्या दुप्पट खोल. रोज तांब्याभर पाणी घालून मुलं प्रेमाने रोप कुजवतात. बोट खुपसून पेरभर कोरडं लागलं तरच पाणी. जमिनीत लावायचं ते पुढच्या जूनला, दीड-दोन फुटांचं झाल्यावर. ऑगस्ट-सप्टेंबरात घाईने लावलेलं कोवळं रोप एप्रिल बघत नाही.

आणि कृपया माळरानावर, कासच्या पठारासारख्या सड्यांवर बीजगोळे फेकायला मुलांना नेऊ नका. ती ‘ओसाड’ जमीन नाही. गवताचा आणि पावसाळी फुलांचा तो भरलेला संसार आहे, माळढोकासारख्या पक्ष्यांना झाडं नकोच असतात. त्यावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ आणून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपलं फर्निचर नेऊन ठेवण्यासारखं आहे.

तिसरी_घंटा

एक प्रश्न कुणीच काढला नाही. ही सगळी मापं शिकली की मूल घरात पोलीस होतं. आजीला नळावरून बोलतं, भांडी घासायला येणाऱ्या ताईंना ‘पाणी वाया घालवू नका’ म्हणतं. फार वाईट दिसतं.

पानगळ

नियम सोपा ठेवायचा. ज्याने मोजलं त्याने आधी आपलं कमी करायचं, दुसऱ्याला सांगायचं नाही. एका रविवारी मुलाला पूर्ण भांडी घासू द्या, आधी वाहत्या नळाखाली आणि पुढच्या रविवारी दोन टबांत, दोन्ही वेळा बादली लावून. मग त्याला कळतं की धार बारीक असेल तर तेलकट कढई निघत नाही. आणि ताईंना दुसरा टब हवा असेल तर तो आणून देणं हे घराचं काम आहे.

आजीचं तर उलट आहे. जुन्या साडीची गोधडी, पायजम्याची पिशवी, उरलेल्या भाताची फोडणी, तेलाची किटली निथळत ठेवणं, यातलं एकेक मुलाने तिच्याकडून शिकून यायचं असं काम लावा. तक्रारीला जागाच राहत नाही.

लाल_ठिपका

+१. शेवटचा प्रश्न माझा, आता सण येताहेत म्हणून. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केली, तर त्या मातीचं पुढे काय? कुंडीत घालावी असं सगळे सांगतात.

गच्चीवरून

कुंडीत नको. शाडू फार बारीक कणांची, ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की सिमेंट. वर थर बसला की पाणी मुळांपर्यंत जात नाही.

बादली मूर्तीहून मोठी घ्या, मूर्ती पूर्ण बुडाली पाहिजे. फुलं, दोरा, बेगड, दागिने आधी काढून. बहुतेक मूर्ती रात्रभरात बसते. ऑइलपेंट असेल तर त्याची साल वर तरंगते, ती चिमट्याने काढून सुक्या कचऱ्यात. दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी हळूच ओता, खालचा गाळ जुन्या चादरीत बांधून टांगा. लोण्यासारखा घट्ट झाला की गोळे करून झाकणाच्या डब्यात, पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी. मूर्तिकार परत घेत असेल तर त्याला द्या.

कडीपत्ता

किंवा दिवाळीच्या किल्ल्याला वापरा! दीड-दोन महिन्यांनी मुलं मातीसाठी सोसायटीच्या बागा उकरायला निघतातच.

दुपारची_साय

नुसत्या शाडूचा किल्ला तडकेल ना? आणि त्यावर अळीव कधी पेरायचे, दरवर्षी ऐन दिवाळीत एकतर उगवलेले नसतात नाहीतर पिवळे पडून आडवे झालेले असतात.

गच्चीवरून

तडकतो. निम्मी शाडू, निम्मी साधी माती आणि एक मूठ बारीक चुरलेला पाचोळा किंवा भुसा एकत्र मळा. तटबंदी आणि बुरूज याचे. उतारावर मात्र शाडू नको, तिथे माती आणि चाळलेलं खत, बोटभर जाडीचं, नाहीतर मुळं धरत नाहीत. अळीव पाण्यात भिजवले की बुळबुळीत होतात, तेच चिकटायला कामी येतं. तासभर भिजवून चमच्याने उतारावर पसरा. दोन-तीन दिवसांत मोड येतात, म्हणून नरकचतुर्दशीच्या सहा दिवस आधी पेरा. पाणी तांब्याने ओतू नका, सगळे अळीव वाहून खंदकात जमतात. फवारणीच्या बाटलीने, सकाळ-संध्याकाळ. आणि किल्ला जिन्याखाली असेल तर दिवसातून दोन तास तरी उजेड मिळेल असा फिरवता येणाऱ्या पाटावर करा. पिवळे पडतात ते त्यामुळेच.